नजर चोरतो म्हणजे खोटंच बोलतो का? (इंटरव्ह्यूवरून पडलेला प्रश्न)

चाकणची_जुई

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथे टाकतेय, संपादकांना वाटलं तर हलवा.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरमध्ये आहे. परवा क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होते, त्यात एक मुलगा आला होता, मूळचा परभणीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, आणि तीन वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होतो म्हणाला. उत्तरं फार चमकदार नव्हती पण ठीक होती. तो बाहेर गेल्यावर आमचे प्लांट हेड म्हणाले, एक्सपिरियन्स बोगस आहे, घेऊ नका. का, तर म्हणे पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होता, नजर देत नव्हता, आणि आधीची नोकरी का सोडली विचारल्यावर वर उजवीकडे बघितलं. आमच्याकडे मध्यंतरी एक बॉडी लँग्वेजवाले ट्रेनर येऊन गेले होते, त्यांनी स्लाइड दाखवली होती की उजवीकडे वर बघतो तो गोष्ट रचतो आणि डावीकडे बघतो तो आठवतो. साहेबांनी ते वेदवाक्य धरलंय तेव्हापासून.

मला पटत नाहीये. बोगस लेटर घेऊन येणारे असतात, आम्ही बघतोच की, पण ते पठ्ठे उलट मस्त डोळ्यात डोळे घालून बोलतात! आणि आमच्याच घरी लहानपणी बाबांसमोर मान वर करून उत्तर दिलं तर "डोळे वर करून कुणाशी बोलतेस" हे ऐकून घ्यावं लागायचं, मग गावाकडून आलेला पोरगा समोर तीन साहेब बसलेत म्हटल्यावर खाली बघणार नाही तर काय करणार.

तर प्रश्न असा की चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून खोटं ओळखता येतं याला काही आधार आहे का? असेल तर मला शिकायचंय. नसेल तर साहेबांपुढे ठेवायला काहीतरी ठोस द्या.


अर्धा_मेंदू

ठोस हवंय ना, घ्या मग. मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा माझा आवडता विषय आहे, प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी.

आधी तो उजवा-डावा प्रकार निकालात काढू. ते एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग) नावाच्या पंथातून आलेलं आहे. रिचर्ड वाइजमन आणि मंडळींनी २०१२ साली ते नीट तपासलं, खरं बोलणाऱ्यांच्या आणि खोटं बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, वर आणखी एका गटाला हे डावं-उजवं शिकवून मग खोटं ओळखायला लावलं. हालचालीत फरक नाही आणि शिकलेल्यांना शिकल्याचा फायदाही नाही. विषय संपला.

आता नजर चोरण्याचं. ही समजूत फक्त तुमच्या साहेबांची नाही हो, अख्ख्या जगाची आहे. २००६ मध्ये एका मोठ्या टीमने ५८ देशांतल्या लोकांना एकच साधा प्रश्न विचारला, माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कसं ओळखता. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर, नजर मिळवत नाही. साधारण ६४ टक्के लोकांनी हे लिहिलं. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी, समजूत तीच. आणि गंमत अशी की बेला डीपाउलो यांनी २००३ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून १५८ लक्षणं तपासली, त्यात नजर चोरण्याचा आणि खोटेपणाचा म्हणण्यासारखा संबंधच सापडला नाही. बाकीचीही बहुतेक लक्षणं, म्हणजे चुळबुळ, हात चोळणं, पापण्या फडफडवणं, फुसकी निघाली. थोडंफार काही उरलं ते बोलण्यात उरलं, म्हणजे खोटं बोलणाऱ्याच्या हकिकतीत तपशील जरा कमी असतो, गोष्ट जरा कमी पटण्यासारखी असते, आवाज किंचित चढतो. तेही इतकं थोडं की समोरच्या एका माणसावर लावायला जाल तर तोंडघशी पडाल.

मग आपण एकंदरीत किती पाण्यात आहोत? बाँड आणि डीपाउलो, २००६. दोनशेच्या वर अभ्यास, २४ हजारांहून जास्त परीक्षक. बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. त्यातही खऱ्याला खरं म्हणण्यात ६१ आणि खोट्याला खोटं म्हणण्यात फक्त ४७, म्हणजे खोटं पकडण्यात आपण नाण्याच्याही मागे. कारण आपण मुळात विश्वास ठेवायच्या बाजूला झुकलेले असतो. टिमथी लिव्हाइन नावाचे संशोधक म्हणतात की माणसाचं डिफॉल्ट सेटिंगच "समोरचा खरं बोलतोय" हे आहे आणि ते बरंही आहे, नाहीतर रिक्षावाल्याला पत्ता विचारायची सोय राहिली नसती.


फौजदार_काका

अर्धा मेंदू साहेब, पुस्तकं ठीक आहेत. मी ३० वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीचशी गुन्हे शाखेत. माणूस चौकीत पायरी चढताना बघितला तरी कळतं. त त प प करणं, घशाला कोरड, पाणी मागणं, पाय हलवणं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात ते उगाच नाही. तुमच्या त्या २४ हजारांत कॉलेजची पोरं किती होती ते सांगा. पोरांना काय कळतंय?

जुईताई, तुमचे साहेब अगदीच चुकीचे आहेत असं मला वाटत नाही. अनुभवी माणसाला वास येतो.


अर्धा_मेंदू

काका, रास्त प्रश्न. कॉलेजची पोरं भरपूर होती, पण पोलीसही होते. आणि पोलिसांवर वेगळे अभ्यासही आहेत. एकमन आणि ओसलिव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अमेरिकेतले पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, पॉलिग्राफवाले (म्हणजे खोटं पकडायच्या यंत्रावर काम करणारे) आणि सीक्रेट सर्व्हिसचे लोक, सगळ्यांना तेच व्हिडिओ दाखवले. नाण्याच्या वर गेले फक्त सीक्रेट सर्व्हिसवाले, आणि तेसुद्धा ६४ टक्के. बाकी सगळे विद्यार्थ्यांच्याच रांगेत. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की अनुभवाने अचूकता फारशी वाढत नाही, आत्मविश्वास वाढतो आणि संशय वाढतो. म्हणजे विद्यार्थी खोट्यालाही खरं म्हणून सोडून देतो आणि पोलीस खऱ्यालाही खोटं म्हणून बसवून ठेवतो.

घशाला कोरड पडते हे खरं आहे, पण ती भीतीने पडते. निरपराध माणूस चौकीत घाबरत नाही असं तुम्ही म्हणाल का? एकमन यांनी याला ऑथेल्लोची चूक असं नाव दिलंय, शेक्सपिअरच्या नाटकात बायको घाबरते, रडते, आणि नवऱ्याला ते रडणं म्हणजे गुन्ह्याची कबुली वाटते. आपल्याकडे देवलांनी तेच नाटक झुंझारराव म्हणून आणलं. ती घाबरली होती हे त्याने बरोबर ओळखलं, कशाला घाबरली तिथे घात झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

एक विचारू का काका, रागावू नका. तुम्हाला संशय आला आणि तो खरा ठरला अशा केसेस आठवत असणारच. पण ज्याच्यावर संशय आला नाही, जो साळसूदपणे जबाब देऊन घरी गेला, तो तुमच्या हिशोबात येतो का?


फौजदार_काका

रागावत नाही. येत नाही, कसा येणार, तो गेला ना घरी.

खरं सांगायचं तर केस चेहऱ्यावर सुटत नाही. चेहऱ्यावरून फक्त आधी कुणाला बसवायचं ते ठरतं. केस सुटते सीडीआरवर (कुणाचे कुणाला फोन झाले त्या नोंदींवर), टॉवर लोकेशनवर, सीसीटीव्हीवर, खबऱ्याच्या टिपेवर, नाहीतर दोघांना वेगवेगळं बसवून दोघांचे जबाब जुळवून बघितल्यावर. आमचे एक वरिष्ठ होते, ते आरोपीला आपल्याकडे काय आहे ते कधीच दाखवायचे नाहीत. नवीन पोरं काय करतात, पहिल्याच मिनिटाला सीसीटीव्हीचा फोटो टेबलावर आपटतात, की हा बघ तू, बोल आता. मग तो फोटोला जुळेल अशी गोष्ट रचतो, हो साहेब तिथे होतो, चहा प्यायला गेलो होतो. वरिष्ठ मात्र सकाळपासून काय काय केलं ते शांतपणे विचारायचे, चहा पाजायचे, गेलोच नव्हतो म्हणतोस ना त्या बाजूला, बरं, लिहून घे रे. सगळं लिहून झालं, सही झाली की मग फोटो. पितळ तिथे उघडं पडायचं. तेव्हा मात्र चेहरा बघण्यासारखा व्हायचा हो.


दोन_कार्ट्यांची_आई

काका हा प्रतिसाद भारी आहे. मी घरी हेच करते 😄 डबा पूर्ण खाल्ला का विचारायच्या आधी डबा उघडून बघून ठेवायचा आणि मग काय काय खाल्लं ते साळसूदपणे विचारायचं. मोठा आता सावध झालाय, तो आधी "तू बघितलास का डबा" असं विचारतो.

पण मला एक शंका आहे, अनोळखी माणसाचं राहू दे, पण आईला आपल्या पोराचं कळतंच ना? धाकटा तर खोटं बोलताना हसायलाच लागतो.


अर्धा_मेंदू

आधी आईसाहेबांना. हसतो तेव्हा तुम्हाला कळतं, बरोबर. न हसता बोलला तेव्हाचं कुणी सांगायचं 🙂 कॅनडात कांग ली आणि विक्टोरिया तलवार यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. मूल खोलीत, मागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगायचं आणि मोठ्या माणसाने बाहेर जायचं. बहुतेक मुलं बघतात, कॅमेरा लावलेला असतोच. मग परत येऊन विचारायचं, बघितलंस का? चार वर्षांच्या वरची बरीचशी मुलं सरळ नाही म्हणतात आणि मोठ्यांना त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. लहान मुलं पकडली जातात ती पुढच्या प्रश्नाला, काय असेल रे ते खेळणं? लगेच नाव सांगून मोकळी होतात. अजून गोष्ट सांभाळता येत नाही त्यांना. आणि मूल खोटं बोलायला लागलं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे ते त्याला कळायला लागलं, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका.

काकांच्या वरिष्ठांना मात्र दंडवत. कारण हीच पद्धत स्वीडनमध्ये तपासून बघितलीय. मारिया हार्टविग, पेर आंडर्स ग्रानहाग वगैरे मंडळी, २००६. पोलीस अकादमीतल्या प्रशिक्षणार्थींचे दोन गट केले, एका गटाला शिकवलं की हातातला पुरावा लपवून ठेवा, आधी त्याला मोकळं बोलू द्या, मग पुराव्याच्या आसपासचे प्रश्न विचारा आणि पुरावा शेवटी काढा. दुसरा गट आपल्या मनाप्रमाणे. दुसऱ्या गटाला ५६ टक्के बरोबर आले, म्हणजे आपलं नेहमीचंच नाणं. शिकलेल्या गटाला ८५. चेहरा वाचायला कुणीच शिकवलं नव्हतं. काकांच्या वरिष्ठांनी ते न वाचता साधलं होतं.

आणि रोजच्या आयुष्यातही खोटं असंच उघडकीला येतं. २००२ मध्ये पार्क, लिव्हाइन वगैरेंनी लोकांना विचारलं होतं की तुम्ही शेवटचं खोटं पकडलंत ते कसं. कुणी तिसऱ्याने सांगितलं, काहीतरी वस्तू-कागद-बिल सापडलं, नाहीतर त्याने स्वतःच कबूल केलं. आणि बहुतेकदा खोटं बोलल्यानंतर बऱ्याच काळाने. त्या क्षणी चेहरा बघून पकडलं म्हणणारे दोन टक्केही नव्हते.


काळा_कोट_नागपूर

वाचतोय, मजा येतेय. कोर्टातलं थोडं सांगतो.

चेहरा वाचायची हौस कायद्यालाही आहे बरं का. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम २८० मध्ये साक्षीदाराच्या हावभावावर न्यायाधीशांनी शेरा लिहून ठेवायची तरतूद होती, नव्या कायद्यातही ती तशीच आलीय. प्रत्यक्षात उलटतपासणीत साक्षीदार पडतो तो आधीच्या जबाबातल्या विसंगतीवर. तो घाम पुसत होता असं मी अपिलात सांगितलं तर समोरचे लोक हसतील.

यंत्रांचं म्हणाल तर पॉलिग्राफ खोटं पकडत नाही, तो बीपी, श्वास आणि कातडीवरचा घाम मोजतो, म्हणजे काकांची घशाची कोरडच, फक्त कागदावर. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स रशियनांना माहिती विकत होता आणि त्या काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ टेस्ट पास झाला. रशियनांनी त्याला काय गुरुमंत्र दिला होता, तर रात्री नीट झोप आणि टेस्ट घेणाऱ्याशी मैत्रीने वाग. १९९४ ला पकडला.

आपल्याकडे पुण्यातलंच २००८ चं प्रकरण आहे, एमबीएच्या विद्यार्थ्याला प्रसादातून आर्सेनिक दिल्याचं. त्यात आरोपी मुलीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि तिला गुन्ह्याची वाक्यं ऐकवली, ती गप्प बसून ऐकत होती, आणि मेंदूच्या लहरींवरून म्हणे कळलं की तिला हे "अनुभवाने" माहीत आहे. सेशन्स कोर्टाने शिक्षा सुनावताना तो रिपोर्टही धरला, जगभर बातम्या झाल्या. नंतर हायकोर्टातून जामीन झाला. मग २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही, संविधानाचं कलम २०(३) आडवं येतं, म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. संमतीने केलं तरी तो रिपोर्ट स्वतः पुरावा नाही, त्यातून पुढे एखादी वस्तू वगैरे सापडली तर ती वापरता येते. हे टीव्हीवर "नार्को करा, नार्को करा" ओरडणाऱ्यांना कुणी सांगत नाही.


गप्पिष्ट_गोवेकर

म्हणजे थोडक्यात सगळे आंधळे, तर मग मुलाखत घ्यायचीच कशाला? चिठ्ठ्या टाका.


अर्धा_मेंदू

गोवेकर, आंधळे असतो तर एक वेळ बरं झालं असतं! वाइजमन यांनीच १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रयोग केला. रॉबिन डे नावाचे तिथले नामांकित मुलाखतकार, त्यांनी आपल्या आवडत्या सिनेमाबद्दल दोन मुलाखती दिल्या, एक खरी एक खोटी. त्याच मुलाखती टीव्हीवर दाखवल्या, रेडिओवर ऐकवल्या आणि पेपरात छापल्या, ४१ हजारांवर लोकांनी फोन करून उत्तर कळवलं. टीव्हीवाले ५२ टक्के बरोबर. पेपर वाचणारे ६४. रेडिओवाले ७३. चेहरा दिसला की लोक चेहऱ्याच्या नादी लागतात आणि शब्द निसटतात. २०१६ मध्ये असाही एक अभ्यास आला की साक्ष देणारीने नकाब घेतला असेल तर लोकांना खरं-खोटं जरा जास्त चांगलं ओळखता आलं.

आता अमेरिकेत विमानतळांवर चेहरे आणि हावभाव बघून संशयित हेरणारे अधिकारी २००७ पासून नेमले होते, २०१३ पर्यंत त्या कार्यक्रमावर सुमारे ९० कोटी डॉलर गेले, आणि तिथल्या सरकारी हिशेबतपासनीसांनीच सांगितलं की हे चालतं याला पुरावा नाही, पैसे आवरा. तेव्हा जुईचे साहेब एकटे नाहीत. जुई, त्यांना हे सांगितलंत तर जरा सौम्यपणे सांगा 🙂


चाकणची_जुई

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. साहेबांना ५८ देशांचं नक्की सांगणार, म्हणजे त्यांना वाईटही वाटणार नाही.

पण मग इंटरव्ह्यूत मी काय करू? तो मुलगा खरंच भोसरीला होता का हे कळायला हवंच ना. काकांच्या वरिष्ठांसारखं सगळं लपवून ठेवायचं म्हणजे नक्की कसं, माझ्याकडे तर सीसीटीव्ही नाही.


फौजदार_काका

ताई तुमचा सीसीटीव्ही म्हणजे पीएफ. यूएएनची (पीएफच्या नंबरची) सर्व्हिस हिस्ट्री त्याच्याकडून आधीच मागून घ्या इतर कागदांच्या गठ्ठ्यात, बघून ठेवा आणि इंटरव्ह्यूत त्याचं नावही काढू नका. कधी लागला, कधी सोडलं, मध्ये गॅप होता का, हे त्याच्या तोंडून येऊ द्या. मग जुळवा. लहान वर्कशॉपवाला पीएफ भरत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, आणि तिथल्या शिफ्ट इनचार्जला एक फोन. तेही नसेल तर लगेच खोटा समजू नका, भोसरीत रोखीने पगार देणारे आहेत अजून.


अर्धा_मेंदू

काकांना पूर्ण अनुमोदन, आणि वर थोडी भर. ब्रिटनमधले आल्डर्ट व्रिज यांचं म्हणणं असं की खोटं बोलणाऱ्याचा चेहरा वाचत बसू नका, त्याचं काम अवघड करा. खोटं बोलणारा तयारी करून येतो, पण तो अपेक्षित प्रश्नांची तयारी करतो. "तुमच्या जबाबदाऱ्या सांगा" याचं उत्तर गुगलवर आहे. त्यापेक्षा विचारा की शॉपमध्ये शिरल्यावर इन्स्पेक्शनचं टेबल कुठल्या बाजूला होतं, जरा कागदावर काढून दाखव. पहिला पीस कोण पास करायचं, तुझ्या शिफ्टला जास्तीत जास्त रिजेक्शन कशाचं यायचं आणि त्याचं पुढे काय व्हायचं, मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला कुठे जायचे, तोवर काम कशावर चालायचं. जो तिथे उभा राहिलाय त्याला हे सांगायला काही वाटत नाही, उलट तो सुटतो बोलायला, आणि जो नव्हता तो एक तर गोल गोल बोलेल नाहीतर असं काही सांगेल जे तपासता येत नाही. व्रिज यांच्या गटाने हेही दाखवलंय की खोटं बोलणारे तपशील देतात, पण तपासता येईल असा तपशील टाळतात. कुणाचं नाव, कुठली तारीख, कुठला ग्राहक, हे ऐका. ताकाला तूर लागू देत नसेल तर तिथे अजून विचारा.

आणि गोष्ट उलटी सांगायला लावायची युक्तीही आहे, म्हणजे शेवटच्या दिवसापासून मागे, पण ती इंटरव्ह्यूत वापरू नका, पोरगं आधीच घाबरलंय.


गप्पिष्ट_गोवेकर

रेडिओवर ७३ आले म्हणता तर मग सगळे इंटरव्ह्यू फोनवरच घ्या की. प्लांट हेडना डोळे दिसणारच नाहीत.


अर्धा_मेंदू

एकाच माणसाच्या दोन मुलाखती होत्या त्या, त्यावर कंपनीचं धोरण उभारू नका. पण त्या मुलाचा दुसरा राउंड फोनवर घ्यायला हरकत नाही.


चाकणची_जुई

फोनवरच घेतेय, सोमवारी. साहेब कॉन्फरन्सवर असतील, त्यांना फक्त प्रश्नांची यादी पाठवलीय, पीएफचं पान माझ्याकडे आहे. फर्स्ट पीसचा प्रश्न साहेबांनी स्वतःहून आणखी कडक करून दिलाय, म्हणजे त्यांना खेळ आवडलेला दिसतोय.


दोन_कार्ट्यांची_आई

जुई, झालं की इथे टाक गं. आणि अर्धा मेंदू, "तू बघितलास का डबा" असं विचारणाऱ्या पोरावर काही संशोधन आहे का?